मैत्रिणीचं सासर

माणसानं भाच्याकडे राहायला जावं, चार दिवस कौतुक करून घ्यावं, पण त्याच्या माळ्यावर चढू नये, हे शहाणपण मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी आलं. २०१५ च्या उन्हाळ्यात मी आणि ताई इंग्लंडला भाच्याकडे, म्हणजे ताईच्या मुलाकडे, राहायला गेलो होतो. इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे आपला श्रावण, सणवार वजा करून. बाहेर सारखी रिपरिप, आणि टीव्हीवर क्रिकेट लावावं तर तिथेही मैदानावर ताडपत्री. चौथ्या दिवशी ताईच्या हातांना काम सुचेना. सूनबाईंनी घर इतकं लख्ख ठेवलं होतं की ताईला आवरायला फक्त माळा उरला होता. ती खाली उभी राहून सूचना देणार आणि मी वर चढणार, ही आमची साठ वर्षांची कामाची वाटणी.

वर एका जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी सापडलं. सोडून पाहिलं तर पिवळट पडलेला, ताटाएवढा रुंद आणि पोट सुटलेला की-बोर्ड. मी तो खाली दिला. ताई म्हणाली, "हे भंगारात द्यायचं ना रे?"

भाचा ऑफिसचं काम घरून करत होता. तो फोन कानाला तसाच ठेवून धावत आला. "आई! तिला खाली ठेव आधी!"

"तिला?" सूनबाईंनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं.

"अमिगा आहे ती."

"अमिगा म्हणजे?" मी शिडीवरूनच विचारलं. माझ्या आयुष्यातले बरेचसे घोटाळे असे शिडीवरून विचारलेल्या प्रश्नांमुळे झाले आहेत.

"स्पॅनिश भाषेत मैत्रीण," भाचा म्हणाला. सूनबाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली.

ती संध्याकाळ आणि पुढच्या दोन संध्याकाळी त्या मैत्रिणीची जन्मकथा ऐकण्यात गेल्या. मी जन्मभर सरकारी कचेरीत टिपणं लिहिली, त्यामुळे ऐकीव माहितीवर सही करायची मला सवय नाही. मागाहून मी वाचून सगळं ताडून पाहिलं. भाच्यानं मीठमसाला कमीच लावला होता असं दिसलं.

खरं तर कॉम्प्युटर या प्राण्याशी माझा संबंध बेताचा. आमच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी वातानुकूलित खोली केली होती. साहेब घामाघूम आणि यंत्र गारव्यात. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. त्याला हार घातला, कुंकू लावलं, नारळ मात्र दाराबाहेर फोडला. पाणी उडून ते बिघडलं तर फोडणाऱ्याची बदली ठरलेली. पुढे तीन महिने त्या यंत्रानं काही काम केल्याचं कुणी पाहिलं नाही, पण मे महिन्यात त्या दाराबाहेर चपलांची गर्दी देवळासारखी असे. एवढ्या शिदोरीवर मी अमिगाची कथा ऐकायला बसलो.

या मैत्रिणीचं माहेर कॅलिफोर्नियातलं सँटा क्लारा. १९८२ साली तिथे एक छोटी कंपनी निघाली. भांडवल घातलं फ्लॉरिडातल्या काही दातांच्या डॉक्टरांनी. दातांच्या डॉक्टरांकडे पैसा कुठून येतो हे माझी कवळी सांगेल. त्यांना हवं होतं व्हिडिओ गेमचं यंत्र. पण कंपनीत आला जे मायनर नावाचा इंजिनिअर. अटारी कंपनीची घरोघरी गेलेली खेळयंत्रं आणि नंतरचे कॉम्प्युटर यांच्या चिपा आखण्यात याचा मोठा हात होता. याच्या मनात खेळणं नव्हतंच. याला हवा होता पुरता कॉम्प्युटर. डॉक्टरांनी बाहुली सांगितली आणि यानं मुलगी घडवायला घेतली.

युक्ती अशी होती की मोटोरोलाचा ६८००० हा तगडा प्रोसेसर घ्यायचा, पण त्याला सगळ्या कामाला जुंपायचं नाही. चित्रं हलवणं, रंग भरणं, आवाज काढणं ही कामं वेगळ्या तीन चिपांनी करायची. त्यांची नावं ॲग्नस, डेनिस आणि पॉला. म्हणजे एकत्र कुटुंबातल्या तीन जावाच. एक सामानसुमान हलवणार, दुसरी रांगोळी काढणार आणि तिसरी गाणं म्हणता म्हणता फ्लॉपीकडेही बघणार. रांगोळीत रंग किती? ४०९६. त्या वेळी नवलाईचा म्हणून गाजत असलेला १९८४ चा मॅकिंटॉश फक्त काळा आणि पांढरा जाणत होता.

मायनरचा एक कुत्रा होता, मिची. तो रोज ऑफिसात येई. आराखडा आखताना मायनर त्याच्याकडे बघे आणि मिचीचा चेहरा पाहून निर्णय घेई, अशी आख्यायिका आहे. यात मला काही विशेष वाटलं नाही. आमच्या कचेरीतही साहेबांचा चेहरा बघूनच निर्णय होत, आणि मिची निदान शेपटी हलवत असे. पुढे पहिली अमिगा बाजारात आली तेव्हा तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सगळ्या कारागिरांच्या सह्या होत्या आणि त्यांत मिचीच्या पंजाचा ठसाही होता.

घरात कॉम्प्युटर घडतोय हे बाहेर कळू नये म्हणून कंपनी वरवर खेळाच्या दांड्या विकत असे. त्यांतच एक होता 'जॉयबोर्ड'. पाटासारखी फळी, तिच्यावर उभं राहून इकडे-तिकडे झुकायचं आणि पडद्यावर बर्फावरून घसरायचं. आता कॉम्प्युटर घडताना तो दिवसातून वीसदा कोसळणारच. कोसळला की ही मंडळी वैतागून त्या फळीवर मांडी घालून बसत आणि तिला जराही हलू न देता स्तब्ध राहण्याचा प्रयत्न करत. त्याला त्यांनी नाव दिलं गुरूंचं ध्यान. हा विनोद इतका मुरला की अमिगा कोसळली की काळ्या पडद्यावर लाल चौकट लुकलुके आणि आत लिहिलेलं असे 'गुरू मेडिटेशन', पुढे एक लांबलचक आकडा. आकड्याचा अर्थ जाणकारालाच कळे. म्हणजे गुरू अगदी अस्सल.

"पण कोसळत का असे?" ताईनं विचारलं. ताईला मुद्द्याचा प्रश्न विचारायची वाईट खोड आहे.

त्याचं उत्तर तिच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घरातली कारभारीण. यंत्र म्हणजे चूल, भांडी, डबे. पण कुठल्या शेगडीवर काय आणि कुणाला आधी वाढायचं हे ती ठरवते. त्या काळच्या घरगुती कॉम्प्युटरांच्या कारभारणी एका वेळी एकच पदार्थ करत. पत्र लिहीत असाल तर हिशेब बंद. कार्ल सॅसेनराथ या तरुणानं अमिगासाठी 'एक्झेक' नावाचा गाभा लिहिला, तो एकाच वेळी चार शेगड्या सांभाळी. आणि नुसता सांभाळी असं नाही. एखादा पदार्थ शेगडी अडवून बसला तर त्याला बाजूला सरकवून दुसऱ्याला पुढे घेण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. हे सगळं २५६ किलोबाइट एवढ्याशा जागेत. आज फोनवर 'सुप्रभात' म्हणून जो गुलाब येतो, त्याचं एक फूल या जागेत मावेलच असं नाही.

एवढ्या लहान जागेत संसार थाटायचा म्हणून एक गोष्ट गाळली होती. भिंती. सगळे प्रोग्रॅम एकाच स्मृतीत बिनभिंतीचे राहत. त्याचा फायदा चाळीसारखा: निरोप हातोहात पोचे, कुठे थांबणं नाही. तोटाही चाळीसारखाच. एकानं दुसऱ्याच्या पानात हात घातला की सगळ्या पंगतीचा विचका, आणि गुरू ध्यानाला बसलेच.

शिवाय ऐन वेळी आणखी एक घोळ झाला. फाइली आणि डिस्क सांभाळणारा भाग ज्यांच्याकडे बाहेर दिला होता त्यांच्याकडून तो पुरा होईना. वऱ्हाड दारात आणि आचारी गायब. तेव्हा केंब्रिज विद्यापीठात तयार झालेली 'ट्रायपॉस' नावाची सिस्टिम ब्रिस्टलच्या एका कंपनीनं घाईघाईनं अमिगावर बसवून दिली. त्यामुळे या मैत्रिणीचं अर्धं वळण कॅलिफोर्नियाचं आणि अर्धं इंग्लंडचं. भाच्याच्या मते इंग्लंडात तिच्यावर एवढा जीव जडला याचं हेही कारण असावं. प्रेमात पडलेला माणूस कारणं कुठूनही आणतो.

पण मी स्थळांच्या भानगडीच्या पुढे गेलो.

जानेवारी १९८४ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात हिला पहिल्यांदा दाखवली. अजून चिपा तयार नव्हत्या. त्यांच्या जागी तारांनी गच्च भरलेल्या फळ्यांचे ढीग. पडद्यावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचा एक मोठा चेंडू गिरक्या घेत उसळत होता आणि आपटला की धडाम आवाज होत होता. बघणारे टेबलाखाली वाकून खरा कॉम्प्युटर कुठे लपवलाय ते शोधत. कौतुक भरपूर झालं, पण गंगाजळी संपत आली होती. मायनरनं घर दुसऱ्यांदा गहाण टाकलं. अटारीनं पाच लाख डॉलर उसने दिले; अट अशी की जूनअखेर फेडले नाहीत तर चिपांवर हक्क आमचा. अमिगाची मंडळी सांगतात की बोलणी चालली तसतसा अटारीचा भाव उतरत गेला आणि अखेर एका शेअरला अठ्ठ्याण्णव सेंटवर आला.

"अठ्ठ्याण्णव?" ताई म्हणाली, आणि गप्प झाली.

ऐन वेळी दुसरं स्थळ आलं. कमोडोर. त्यांनी सव्वाचार डॉलर देऊ केले, अटारीचे पाच लाख परत गेले आणि ऑगस्ट १९८४ मध्ये मैत्रीण कमोडोरच्या घरी गेली.

हे घर कसलं? जॅक ट्रॅमिएल या माणसानं उभं केलेलं. पोलंडात जन्मलेला हा ज्यू मुलगा आउशविट्झच्या छळछावणीतून जिवंत बाहेर पडला, अमेरिकेत येऊन टाइपरायटर दुरुस्त करू लागला, आणि तिथून आकडेमोडीची यंत्रं, कॅल्क्युलेटर करत करत कॉम्प्युटरपर्यंत आला. १९८२ चा त्याचा कमोडोर ६४ लाखो घरांत गेला. पण मैत्रीण त्या घरात आली तेव्हा कर्ता पुरुष घर सोडून गेला होता! जानेवारी १९८४ मध्ये कंपनीच्या सावकार-अध्यक्षाशी बिनसून ट्रॅमिएल बाहेर पडला होता, आणि जुलैत त्यानं चक्क अटारीचा घरगुती कॉम्प्युटरचा धंदा विकत घेतला. म्हणजे सासरा गेला त्या नाकारलेल्या स्थळाकडे. इतकी गुंतागुंत आमच्या साताऱ्याच्या वाड्यातही झाली नव्हती.

लग्न मात्र थाटात लागलं. २३ जुलै १९८५, न्यूयॉर्कचं लिंकन सेंटर. प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉल यानं सगळ्यांसमोर डेबी हॅरी या गायिकेचं चित्र अमिगावर रंगवलं. रंग ओतायचं जे साधन होतं ते वापरलं की प्रोग्रॅम कोसळण्याची शक्यता फार, हे तो लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. वॉरहॉल ते साधन मजेत, पुनःपुन्हा वापरत होता आणि पडद्याआड मंडळींचे प्राण कंठाशी. पण त्या दिवशी गुरूंनी दर्शन दिलं नाही. त्यानंतर वॉरहॉलनं काढलेली आणखी चित्रं फ्लॉपींवर पडून राहिली; ती २०१४ साली पिट्सबर्गच्या विद्यार्थ्यांनी खटपट करून बाहेर काढली.

किंमत १२९५ डॉलर, तीही पडद्याशिवाय. मॅकिंटॉश जवळजवळ दुप्पट. गुणी, रूपवान आणि स्वस्त. आता हिचं सोनं व्हायला काय हरकत होती?

हरकत अशी की सासरच्यांना ही कशासाठी आणली तेच ठरवता येईना. ऑफिसवाल्यांना वाटे, गाते-नाचते ती हिशेब काय करणार. खेळवाल्यांना वाटे, महाग आहे. जाहिरातीला पैसे नव्हते. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातलं मूळ ऑफिसही बंद केलं. म्हणजे माहेरच तोडलं. घडवणाऱ्यांनी जाता जाता सिस्टिममध्ये एक छुपा निरोप पेरला. ठरावीक कळा एकदम दाबल्या आणि डिस्क आत-बाहेर केली की तो दिसे. त्याचा सभ्य मराठीत आशय असा: अमिगा आम्ही घडवली, यांनी तिची वाट लावली.

तरी ती चालली. १९८७ साली अमिगा ५०० आली, सगळं यंत्र की-बोर्डाच्या पोटात घेऊन, आणि इंग्लंड-जर्मनीतल्या पोरांनी ती उचलून धरली. भाच्यानं १९८९ साली बॅटमॅनच्या खेळासकट घेतली ती ही, ३९९ पौंडांना.

"म्हणजे रुपये किती?" ताईनं विचारलं.

"तेव्हाचे दहा हजारांच्या वर," भाचा बोलून गेला, आणि सव्वीस वर्षांपूर्वी घरी पाठवलेल्या 'इकडे फार काटकसरीनं राहतो' या पत्राचा विषय निघाला. तो अर्धा तास मी वगळतो.

तिकडे अमेरिकेत १९९० साली 'व्हिडिओ टोस्टर' नावाचं कार्ड निघालं आणि लहान-सहान स्टुडिओंना टीव्हीची करामत परवडू लागली. 'बॅबिलॉन ५' मालिकेची सुरुवातीची अंतराळयानं अमिगांवर घडली. पण सासरी मूळ चिपांत मोठी सुधारणा व्हायला १९९२ उजाडलं. तोवर साधा पीसी रंग शिकला, आवाज शिकला, आणि शंभर कंपन्या तो करू लागल्यामुळे स्वस्त झाला. १९९३ मध्ये कमोडोरनं सीडीवर चालणारं खेळयंत्र काढलं, तर पेटंटच्या भांडणात त्याचा अमेरिकेला जायचा माल फिलिपाइन्समध्ये अडकला. २९ एप्रिल १९९४ ला कमोडोर बुडाली. दोन महिन्यांच्या आत, २० जूनला, जे मायनर गेला. मग हिचे हक्क एस्कॉम या जर्मन कंपनीकडे. तीही वर्षभरात बुडाली. मग गेटवे, मग आणखी कुणी, मग कोर्टकचेऱ्या. आश्चर्य एवढंच की चाहत्यांनी सिस्टिम मरू दिली नाही. जुन्या यंत्रांसाठी २०२१ सालीसुद्धा तिची नवी आवृत्ती निघाली.

"नांदवली नाही म्हणा की," ताई म्हणाली.

तिच्या तोंडून ते इतकं सहज आलं की आम्ही दोघं गप्प बसलो. मला मघाचे अठ्ठ्याण्णव आठवले. मॅट्रिकला ताईला गणितात शंभरात अठ्ठ्याण्णव होते. मास्तर घरी येऊन वडिलांना म्हणाले होते, हिला पुढे शिकवा. वडिलांनी मास्तरांना चहा पाजला आणि मार्गशीर्षात ताईचं लग्न लावून दिलं. सासर वाईट नव्हतं. चौदा माणसांचं घर, दूधवाल्याचा आणि धोब्याचा हिशेब ती तोंडानं करी, आणि तिचे सासरे चारचौघांत कौतुकानं सांगत, "सूनबाईंचा हिशेब कध्धी चुकत नाही हो!" चाळीस वर्षं तो चुकला नाही. पुढे शिकलो मी. मला गणितात बेचाळीस होते.

भाच्याला ते कळलं असावं. त्यानं विषय बदलला. त्याच महिन्यात आलेली एक बातमी त्यानं वाचून दाखवली. अमेरिकेत मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचं गाव आहे. तिथल्या एकोणीस शाळांचं हिवाळ्यातलं गरम आणि उन्हाळ्यातलं गार एक अमिगा सांभाळत होती. ऐंशीच्या दशकात बसवलेली, दिवसरात्र चालू. प्रोग्रॅम लिहिला होता हायस्कूलच्या एका विद्यार्थ्यानं, आणि काही अडलं तर अजूनही त्यालाच बोलावत. ती शाळांशी रेडिओवरून बोले. तीच लहर देखभालीच्या माणसांच्या वॉकीटॉकीचीही, त्यामुळे हिला बोलायचं असलं की अधूनमधून त्यांना पाव तास गप्प बसावं लागे. बदलायची तर खर्च पंधरा-वीस लाख डॉलर, म्हणून चाललंय तोवर चालू द्या.

"एकोणीस शाळा?" ताईनं विचारलं.

"एकोणीस. जवळजवळ तीस वर्षं."

"आणि पोरांना ठाऊक तरी होतं का, वर्ग उबदार कुणामुळे आहे ते?"

भाच्याकडे याचं उत्तर नव्हतं. त्यानं उठून यंत्र टीव्हीला जोडलं. मला वाटलं धूर निघणार. पण खर्र-खर्र असा आवाज झाला आणि पडदा पांढरा होऊन त्यावर एक हात उमटला. हातात एक फ्लॉपी.

"काय मागतेय?" ताईनं विचारलं.

"डिस्क मागतेय आई. डिस्क घातली की कामाला लागेल."

ताईनं पदरानं की-बोर्डावरची धूळ पुसली. एकेक कळ, कोपरे धरून. मग म्हणाली, "लागेल रे कामाला. जरा बसू दे तिला."

त्या दिवसापासून ती बैठकीच्या खोलीत असते. सूनबाईंची हरकत होती, पण सासूनं बाजू घेतल्यावर इलाज चालेना. परत येताना विमानात ताईनं मला कागद-पेन्सिल मागितली. मला वाटलं शब्दकोडं. बघतो तर ती ४०९६ ला दोननं भागत होती, बारा वेळा भागून एकावर आली आणि मान वळवून म्हणाली, "नीट बसतंय." मी बेचाळीस मार्कांचा माणूस. मी हवाई सुंदरीकडे दोन चहा मागितले.